ओसरीतली सतरंजी

मी सतरंजी बोलतेय, आणि माझं कोणी खरं मानलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. अंथरलेल्या वस्तूचं कोण ऐकते? पण माझ्यावर बसलेल्या बायांची बोटं मी ओळखते. मनातलं बोलणारी बाई माझे धागे उपटत बसत नाही.

हातमागावर विणली मला, निळ्या-लाल पट्ट्यांची. गोंदियाच्या बाजारातून मला उचललं ते कायदा संशोधन विभागाने. वकिली शिकल्यावर पुढे संशोधन शिकवणारा अभ्यासक्रम होता तो. पोरं गावोगावी जाऊन विचारणार, म्हणून बसायला मी.

विषय बहिणीच्या वाट्याचा. बापाच्या जमिनीतला हक्क बाया भावाला लिहून देतात, तो राजीखुशीनं की कसा? विभागप्रमुख भुवनेश्वर सरांनी केशोरी गावात आपल्याच नात्यातल्या ईश्वरदासची ओसरी ठरवली. चहा वाटायला त्या बायांचे भाऊच. एकेक बाई म्हणाली, राजीखुशीनं. माझी कड मात्र पार उसवली. सर खूश.

खूश नव्हती ती एक रेणू, आमगावच्या उदारामची पोरगी. तिचा प्रबंध, तिची पदवी, सगळं सरांच्या सहीवर. तरी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मला स्कुटीला बांधून ती थेट बांधावर गेली. बाया भाकरीचं फडकं सोडत होत्या. चिखलाचे पाय म्हणून माझ्यावर बसेनात. मग जमुनाबाई फतकल मारून बसली.

“भाऊ चहा पाजून राहिला, अन् त्याच्या तोंडावर म्हणू का, जमीन पायजे म्हणून? माहेरचं दार बंद होते, पोरी.”

या वेळी एकही धागा तुटला नाही माझा.

रेणूनं ते सगळं प्रबंधात लिहिलं. सर म्हणाले, हे काढ, समिती येऊन राहिली. विद्यापीठाची समिती, अभ्यासक्रम ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणारी. मला घासून धुतली, सभेत अंथरली. सरांनी ओसरीतल्या मुलाखती कौतुकानं दाखवल्या.

समितीतल्या बाईंनी विचारलं, बायांना विचारलं तेव्हा भाऊ कुठं होते? सर रेणूकडे पाहत राहिले. ती उठली.

“तिथंच होते, मॅडम. चहा देऊन राहिले होते.”

निकाल आला. मुलाखती पुन्हा घ्या, तोवर नवे प्रवेश बंद. मला वाटलं, आता ओसरी ठरवणाऱ्याला जाब विचारतील. कायचं काय! पोरीच्या प्रबंधावर अजून सही नाही. आणि मी कपाटामागे गुंडाळलेली, उंदीर कुरतडतात, तरी पडून राहवत नाही. अरे, न्या ना कोणी मला पुन्हा त्या बांधावर, विचारा त्या बायांना!

कोणी येत नाही. इथं आता जो तो एवढंच विचारतो, विभाग बुडवला कोणी? आणि शिपायापासून सरांपर्यंत सगळे एकच नाव घेतात. रेणू उदाराम पटले.