चौकोनातले त्रिकालज्ञानी

सकाळी नऊलाच धुलाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आत बसलेले बाबा न विचारता माणसाचं नाव, घरची मंडळी आणि दुखणं सांगत. बाहेर येणारा प्रत्येकजण डोळे विस्फारून म्हणे, "सुनेचं नावसुद्धा सांगितलं हो!"

माझी आई त्यांच्या पार भजनी लागली होती. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार साठवले होते आणि बाबा म्हणे मोतीबिंदू नुसत्या फुंकरीने घालवत. मी कुलपं दुरुस्त करतो. किल्लीशिवाय काही उघडलं की मला आधी चोर आठवतो. म्हणून बायकोला घेऊन मीही गेलो.

दाराशी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं 'सिद्धयंत्र' चिकटवलेलं होतं.

"फोन धरा, नंबर मिळेल!" शिष्य ओरडत होता.

आईने धरला. फोनवर एक पान उघडलं: नाव, घरात कोण, त्रास काय. आईला बारीक अक्षर दिसेना, तेव्हा शिष्यानेच विचारून विचारून, अगदी ऑपरेशनला किती साठवलेत तेही काढून घेत, सगळं भरलं.

"अहो, हा साधा क्यूआर कोड आहे," बायको कुजबुजली. तिने आपल्या फोनवर तेच पान उघडून लिहिलं: 'नवरा सात वर्षं बेपत्ता.'

आमची पाळी आली. बाबांनी डोळे मिटले. "बेटी, तुझा नवरा सात वर्षं परागंदा!"

"जिवंत तरी आहे का?"

"उत्तरेला, पाण्याकाठी. दाढी वाढलीय. तुझ्या आठवणीने रडतोय."

"रडत नाहीये," गुळगुळीत दाढी केलेला मी शेजारून म्हणालो. "आणि पाणी म्हणाल, तर खाली धुलाईवाल्याकडे आहे तेवढंच."

हॉल खदाखदा हसला. आई मात्र भडकली. "सूनबाई, तूच खोटं लिहिलंस, मग त्यांना खोटंच दिसणार!"

"लिहिलेलं दिसलं ना, आई? घडलेलं नाही दिसलं."

शिष्याने घाईघाईने दुसरा कोड पुढे केला. "आजी, हे स्कॅन करा. आशीर्वादाचे पाच हजार तुमच्या खात्यात येतील. फक्त पिन टाका."

आईचं बोट आकड्यांवर गेलंच होतं. बायकोने हात धरला आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "चाळीस हजार रुपये पाठवा. आई, हे येणारे नाहीत, जाणारे पैसे आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही!"

आईने फोन पिशवीत टाकला, तोच बाबांच्या केसांआडून तिला बारीक कुजबुज ऐकू आली. मग पुढे वाकून तिने बाबांचे खांद्यापर्यंतचे केस बाजूला सारले आणि कान चाचपला. "मला दिसत नाही, पण हाताला कळतं. हे काय खुपसलंय?"

कानातलं इवलंसं यंत्र तिच्या तळहातावर बोलतच होतं: "पुढची बाई, गुडघेदुखी, दोन मुली..." मी मागचा पडदा ओढला. तिथे लॅपटॉपवर लोकांनी भरलेली माहिती वाचून दाखवणारा दुसरा शिष्य बसला होता.

मी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत धुलाईवाला जिना अडवून उभा राहिला. अकरा जणांनी पिन टाकला होता. त्यांनी तिथूनच बँकेला फोन लावले. तिघांचेच पैसे वाचले.

आठ जणांचे गेले, म्हणून सांगतो. कोडमागे काय आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुणाच्याही भिंतीवरचा कोड उघडण्याआधी तो कुठे नेतोय ते वाचा. पैसे देताना नाव आणि रक्कम बघा. वाचता येत नसेल, तर घरच्या माणसाला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि पैसे देतो म्हणून जो पिन मागेल, त्याच्या पाया पडू नका. त्याचा पाय धरून ठेवा आणि पोलिसांना बोलवा.