अप बंद

अभिमन्यूला कुठलीच गोष्ट सरळ दिसत नसे. दूधवाला उशिरा आला, तर तो उशिरा आला एवढंच चारचौघांना दिसायचं. अभिमन्यूला मात्र त्यामागं काहीतरी शिजतंय असं वाटायचं. असा स्वभाव घेऊन जन्मलेला माणूस राजकारणात तरी शिरतो, नाहीतर भाऊबंदकीत तरी अडकतो. अभिमन्यूचं नशीब बरं, म्हणून तो गेममध्ये अडकला.

मूळचा तो मोडनिंबचा. सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात टॉवेलांचे फोटो काढायचे आणि ते ऑनलाइन चढवायचे, ही त्याची नोकरी. दिवसभर टॉवेल आणि संध्याकाळी अंतराळ, असा त्याचा दिनक्रम होता. अंतराळ म्हणजे ‘अगस्ती’ नावाचा गेम, बेंगळुरूच्या चार-पाच पोरांनी मिळून बनवलेला. आपण एका भल्यामोठ्या यानात जागे होतो, आपण कोण ते आपल्याला आठवत नाही, आणि यानात दुसरं चिटपाखरू नाही. माणसं कुठं गेली विचारलं, तर यानाचा कॉम्प्युटर गोड आवाजात सांगतो की सगळे आपापल्या मर्जीनं उतरून गेले. वरच्या मजल्याचं दार मात्र काही केल्या उघडत नाही. गेम खेळणाऱ्यांनी ते कापून पाहिलं, जाळून पाहिलं, त्याच्यावर अख्खी मालगाडी म्हणावी तसलं यंत्र नेऊन आदळलं. दार ढिम्म.

आता यानाचा कॉम्प्युटर इतक्या गोड आवाजात बोलतो, म्हटल्यावर अभिमन्यू गप्प बसतो होय? त्याचं ‘पाणी मुरतंय’ नावाचं चॅनेल होतं आणि त्यावर तो हा कट उकलत बसायचा. त्या दाराशी गेलं की हवेच्या नळीतून पंख्याच्या घरघरीमागं काहीतरी पुटपुटल्यासारखं येतं, हे पहिल्यांदा त्यानंच पकडलं. घरघर कमी करून, आवाज वाढवून त्यानं ते पुन्हापुन्हा ऐकलं. बारीक आवाजात कुणीतरी म्हणत होतं, “अप... बंद.”

अप बंद. यानात दोन लिफ्ट आहेत, एक अप आणि एक डाऊन. अभिमन्यूचं लहानपण मोडनिंबच्या स्टेशनाजवळ अप गाडी गेली, डाऊन गाडी आली हेच ऐकण्यात गेलेलं, त्यामुळं त्याला दुसरं काही सुचायचा प्रश्नच नव्हता. वरची वाट बिघडलेली नाही, ती मुद्दाम बंद केलीय! माणसं उतरून गेलेली नाहीत, कंपनीनं त्यांना वर कोंडलंय! त्यानं तो आवाज चॅनेलवर टाकला, खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं ‘अप बंद’, आणि हजारो लोकांनी तो ऐकला. डोळ्यांसमोर अक्षरं असली की कानही तेच ऐकतात. तर्क असा काही गाजला, की कारखान्याचे मालकसुद्धा एकदा विचारून गेले, “काय रे, उघडलं का तुझं दार?”

घरात मात्र या कीर्तीची कुणाला पत्रास नव्हती. त्याची बायको सिद्धेश्वरी अक्कलकोटची, माहेरी कन्नड बोलणारी, इथं एका लॅबमध्ये रक्त तपासायची. “तू आणि आमचे अप्पा, दोघं एकाच मातीचे,” ती म्हणायची. “अप्पांना बातम्यांत काहीही दाखवा, म्हणणार, याच्यामागं दुसरंच काहीतरी हाय.”

ती हे हसत म्हणायची, पण अप्पांचं नाव निघालं की पुढं जरा गप्प व्हायची. अप्पा म्हणजे तिचे वडील मडिवाळप्पा, अक्कलकोटात त्यांचं भांड्यांचं दुकान. मुलीनं जातीबाहेर, भाषेबाहेर लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, न जेवता परत गेले. त्यानंतर आई शरणम्मा कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन येऊन जायची, पण अप्पांनी लेकीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. फोन करायचे, तब्येत विचारायचे. येता का म्हटलं की दुकानात गिऱ्हाईक यायचं.

एका रविवारी दुपारी सिद्धेश्वरी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. अभिमन्यूचा हेडफोन बिघडला होता, म्हणून त्यानं स्पीकर जोडला आणि यानाच्या दाराशी गेला. नळीतून तो आवाज आला, घरभर घुमला. तशी सिद्धेश्वरी कणकेच्या हातांनी लगबगीनं बाहेर आली, त्याच्या पुढून गेली आणि तिनं घराचं दार उघडलं. बाहेर जिना मोकळा होता. समोरच्यांचं मांजर तेवढं बसलेलं.

“कोण आलं?” अभिमन्यूनं विचारलं.

“कोणीतरी म्हणलं की, अप्पा आले म्हणून.” ती अजून जिन्याकडंच बघत होती. “‘अप्पा बंदा’. स्पष्ट ऐकलं मी.”

अभिमन्यूनं आवाज पुन्हा लावला. तिनं तो पिवळ्या अक्षरांशिवाय, नुसता ऐकला होता. तिनं सांगितल्यावर त्यालाही तो तसाच ऐकू यायला लागला. अप नाही, अप्पा. बंद नाही, बंदा. शेवटचा लांब सूर पंख्यानं गिळलेला. मराठीत जे बंद झालं ते कन्नडमध्ये चक्क आलं होतं. आणि आवाज कुणा कोंडलेल्या माणसाचा नव्हता, एका लहान पोरीचा होता.

इतके महिने जपलेला तर्क असा कणकेच्या हातानं मोडीत निघाला, तर माणसाला वाईट वाटायला हवं. त्याला वाटलंही, थोडंसं. पण त्याच्या डोक्यात राहिला तो तर्क नव्हे, तर दार उघडताना बायकोचा दिसलेला चेहरा. त्यानंतरही तो आवाज लावायचा तेव्हा, गेम आहे हे पक्कं ठाऊक असूनसुद्धा, तिची नजर एकदा दाराकडं जाऊन यायची. ते त्याला बघवेना.

आजवर दुसऱ्यांचे कट उकलणाऱ्या अभिमन्यूनं मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक कट रचला. त्यानं तो आवाज सासऱ्यांना पाठवला. खाली अक्षरं नाहीत, खुलासा नाही, फक्त एक ओळ. ‘मामा, यात काय ऐकू येतं? हिला सांगू नका.’ शेवटचे तीन शब्द त्यानं फार विचार करून घातले होते. ज्या माणसाला सगळ्यात काळंबेरं दिसतं, त्याला ‘सांगू नका’ म्हटलं की तो गळाला लागलाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. मडिवाळप्पांनी जावयाला केलेला हा पहिला फोन.

“ही पोरगी कुणाची?” नमस्कार नाही, चमत्कार नाही.

अभिमन्यूनं गच्चीवर जाऊन सगळं यान समजावून सांगितलं. पलीकडं मधूनमधून भांड्यांचा आवाज येत होता.

“कोंडलंय म्हणताय तुमी. मग दाराची कडी कुटल्या बाजूला हाय?”

इतक्या लोकांनी ते दार फोडायला घेतलं होतं, पण कडी कुणी बघितली नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं फटीतून उजेड टाकून पाहिलं. कडी आतून होती.

“मग कोंडलं न्हाय की,” अप्पा दुसऱ्या दिवशी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “ती पोरगी आपणहून आत बसलीया. आणि एक सांगा, ती सारखी बोलती का मधनंच?”

“कोणी दाराजवळ गेलं तरच.”

“मग झालं. पाय वाजला की बाप आला म्हणती ती. लहान पोरं करतात तसं. आमची करायची. दुकान बंद करून मी गल्लीत वळलो की हिला आतनं कळायचं, वरडायची, अप्पा बंदा, अप्पा बंदा.” ते उगाच खाकरले. “पुढं मोठी झाली, शाळेत शिकली, मग ‘बंद्रु’ म्हणाय लागली. बंद्रु म्हणजे आले. मान देऊन. बंदा म्हणजे नुसतं आला. बंदा म्हणायला पोरगी लहान लागती.”

अभिमन्यू गच्चीच्या कोपऱ्यात सरकला. मालक खालून हाका मारत होते.

“तुमी खेळताय तो माणूस कोण हाय यानातला?” अप्पांनीच विचारलं.

“त्याला आठवत नाही, मामा. कोणालाच माहीत नाही.”

“मला म्हाईत हाय,” अप्पा म्हणाले. “त्योच तिचा बाप. आणि तुमी सगळे मिळून त्याच्या हातनं लेकीचं दार फोडून घेतालाव. एकानं तरी हाक मारली का?”

खेळात हाक मारायचं एक बटण होतं. सगळे ते यानातल्या झाडू मारणाऱ्या यंत्राला बोलवायला वापरत. बंद दारापुढं ते दाबायचं कुणाला सुचलं नव्हतं. अभिमन्यूचा हात शिवशिवला, पण अप्पांनी फोन ठेवता ठेवता बजावलं, “मी आल्याबिगर दाबू नका ते. मागाहून म्हणाल उघडलं, मला न्हाय पटायचं. रविवारी येतो.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. फोन जरा वेळ तसाच चालू राहिला आणि मग बंद झाला.

रविवारपर्यंत अभिमन्यूपुढं एकच पेच होता. बायकोला सांगावं, तर अप्पांनी ऐन वेळी दुकानात गिऱ्हाईक आणलं म्हणजे? ती पुन्हा दार उघडून मोकळ्या जिन्याकडं बघेल. म्हणून तो गप्प राहिला, आणि गप्प राहताना इतका चोरट्यासारखा वागला की सिद्धेश्वरीनं दोनदा विचारलं, “काय लपवतोयस?” त्यानं खोली आवरली, स्पीकर पुसला, खुर्चीवर गादी टाकली. हजारो लोकांपुढं आपला तर्क चुकला हे सांगायची त्याला आता जराही धास्ती नव्हती. त्याला एकच हवं होतं, अप्पा यावेत.

रविवार उजाडला. अकरा वाजले, बारा वाजले. फोन नाही. सिद्धेश्वरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. अभिमन्यू आत वायरी जोडता जोडता मनातल्या मनात अक्कलकोटच्या समस्त गिऱ्हाइकांना शिव्या घालत होता. एवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

“अप्पा बंदा.”

“अगं, मी अजून गेम लावलेलाच नाही,” तो वैतागून म्हणाला.

मग त्याच्या हातातली वायर तशीच राहिली. सिद्धेश्वरी त्याच्या पुढून गेली, ओला टॉवेल खांद्यावर तसाच. तिनं दार उघडलं. जिन्यात मडिवाळप्पा उभे होते, जिना चढून दम लागलेला, हातात पितळी डबा. तिच्या गॅलरीतल्या शब्दांनी त्यांना खाली गेटातच गाठलं होतं, हे त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले मात्र जावयाशी.

“ऐकलाव का? बंदा म्हणली.”

“ऐकलं, मामा.”

“एवढी मोठी झाली तरी,” म्हणत त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि डबा लेकीच्या हातात दिला. भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून तो शेंगाचटणीनं गच्च भरलेला होता. सिद्धेश्वरी डबा पोटाशी धरून रडली, मग नवऱ्याकडं वळून लटक्या रागानं म्हणाली, “अहो, मला सांगायचं तरी.” एरवी ती त्याला अरेतुरे करायची, बापासमोर अहो आलं. अप्पांनी ते टिपलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

जेवणं झाली. अप्पा गादीच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि स्क्रीनच्या इतके जवळ सरकले की अभिमन्यूला दिसेना. यानातला माणूस अंधाऱ्या वाटेनं चालत दाराशी गेला. नळीतून घरघर आली, घरघरीमागं तो बारीक आवाज.

“दाबा आता,” अप्पा म्हणाले.

“तुम्हीच दाबा, मामा.”

त्यांनी एका बोटानं, गरम भांड्याला हात लावावा तसं, बटण दाबलं. यानातल्या माणसानं हाक मारली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतून कडी निघाल्याचा आवाज झाला आणि जे दार आजवर कशानंच हललं नव्हतं, ते अलगद बाजूला सरकलं. पंखा थांबला. पोरीचा आवाज पहिल्यांदाच पुरता, शेवटच्या लांब सुरासकट, स्पीकरमधून घरभर गेला.

“अप्पा बंदाऽ.”

अभिमन्यूनं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. सिद्धेश्वरी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, घराच्या दाराकडं तिची नजर गेली नाही.

“ठाऊक आहे की मला,” ती तिथूनच म्हणाली. “चहा टाकलाय त्यांचा.”