पुण्यवंतांचं कढण

रविवारी सकाळी चर्चसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वतःला पुण्यवंत म्हणवणाऱ्या बाबा एलेउतेरिओंनी काळ्या घेवड्याच्या गरम कढणात तीन जहाल आबानेरो मिरच्या टाकल्या, वाडगा तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. ना डोळ्यांत पाणी, ना नाकात!

"पाप्याला मिरची चावते," बाबा गरजले, "पुण्यवंताचे ती पाय धुते!"

पाय धुवायला ती पोटात कशाला उतरते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एरवी मेक्सिकोतल्या आमच्या युकातानमध्ये मिरचीवरून तासन्‌तास भांडणं होतात. तिखट बिया की आतल्या पांढऱ्या शिरा? तोंड पोळलं तर मीठ चाटावं की दूध प्यावं? पैजेने मिरच्या खाऊन पोट धरून येणारे शूरवीर मीच सांभाळते, कारण गावच्या दवाखान्यातली नर्स मी. पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं.

पुढचा वाडगा निकोलासाआजींसाठी होता. अर्धं गाव या सुइणीच्या हातावर जन्मलेलं. रोसेन्दोचं तान्हं बाळ चार दिवस जुलाबाने सुकत चाललं होतं, आणि आजींची नजर लागली असं बाबांनी जाहीर केलं होतं. कढण पोळलं, तर आजींनी संध्याकाळच्या आत गाव सोडायचं.

"रोसेन्दो, अरे बाळाला सलाईन लागेल. दवाखान्यात आण," मी म्हटलं.

"आधी नजर उतरू दे, ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

बाबांनी आजींच्या वाडग्यात तीन मिरच्या टाकल्या आणि गळ्यातल्या चांदीच्या क्रुसाने ढवळत प्रार्थना पुटपुटली.

"थांबा!" खानावळवाली फेलीपा पुढे आली. "बाबा, तुमच्या वाडग्यात का नाही तो क्रूस फिरवलात?"

"मी मुळातच पवित्र आहे, बाई."

फेलीपाने बाबांच्या रिकाम्या वाडग्यातून मिरच्या उचलल्या. देठासकट, अखंड, टम्म. मग आजींच्या वाडग्यातल्या काढल्या. तिन्हींची पोटं फाटलेली. क्रुसाचं टोक चांगलंच धारदार होतं.

"अगं बायांनो, पोरं जेवणार असली की आपण काय करतो? अख्खी मिरची कढणात फिरवून काढतो ना? वास उतरतो, जाळ आतच राहतो. फुटली की मेलो!"

चौकातली प्रत्येक बाई हे घरी करते. मीही करते. क्रूस दिसला आणि आम्ही सगळ्या आपलंच स्वयंपाकघर विसरलो, याची मला अजून लाज वाटते.

फेलीपाने फुटक्या मिरच्या कढणात परत टाकल्या आणि वाडगा बाबांपुढे धरला. "घ्या. पाय धुऊन घ्या."

गर्दी बघत होती. बाबांनी एक घोट घेतला, लालबुंद झाले आणि "पाणी! पाणी!" करत सुटले.

"पाणी नको, जास्त पेटेल!" म्हातारे कानुल ओरडले. "मीठ द्या!"

"मीठ कसलं? दूध द्या!"

झालं, चौकात जुनं भांडण पुन्हा जुंपलं. तेवढ्यात निकोलासाआजींनी रोसेन्दोच्या बायकोकडून बाळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "चल पोरी, सलाईन लाव."

रोसेन्दो मागोमाग आला. दवाखान्याच्या दारात त्याने विचारलं, "आजी, तुम्ही ते प्यायला असतात?"

"प्याले असते. आणि पोळलंही असतं रे. मी काय लाकडाची आहे?"

संध्याकाळी बाळाने चार दिवसांत पहिल्यांदा सणसणीत भोकाड पसरलं. रोसेन्दो आजींचे हात धरून रडला.

मिरची सगळ्यांनाच पोळते. पाप-पुण्य तिला कळत नाही. कुणी असा वाडगा पुढे केला, तर हात जोडण्याआधी त्यात नीट डोकावून बघा.