हाराखाली झाकलेली कडी

मित्रांनो, ज्याच्यावर बसायला तुम्ही रांग मोडता आणि वर एकमेकांना चिमटे काढता, तोच मी, भिंगारजवळच्या बागेतला जुना लोखंडी झोका. वय झालं तरी माझा रुबाब काही कमी झालेला नाही. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात माझ्या गर्वाचाही वाटा होता.

बाजारामागच्या लोहाराच्या भट्टीवर माझा जन्म झाला. मोडीतल्या पाइपांचे पाय, दोन जाड साखळ्या, बसायला बाभळीची फळी आणि हे सगळं तोलून धरणाऱ्या दोन कड्या, वरच्या आडव्या पाइपात अडकवलेल्या. शेजारी घसरगुंडी होती, पण खरं सांगतो, गर्दी माझ्याकडेच असायची. आभाळाला पाय लावल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे.

बागेचे माळी कानिफनाथ माझे फार लाड करत. झाडलोट करायला राहीबाई होती. पाथर्डीकडची शेतकरीण, पाऊस नाही म्हणून गाव सोडून आलेली. रोज सकाळी केर काढताना ती मला एकदा रिकामाच झुलवी आणि मान कलती करून उभी राही. ही काय ऐकते, ते मला कधी कळलं नाही. मला वाटे, बाई जरा खुळीच आहे!

बहात्तर सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. योगायोगाने त्याच दिवशी बागेतल्या खेळण्यांची तपासणी ठरली होती. कानिफनाथांनी आदल्या दिवशी मला हिरवागार रंग फासला. पूजेच्या सकाळी दोन्ही कड्यांना झेंडूचे जाडजूड हार बांधले आणि फळीला हळद-कुंकू लावलं. मी नवरदेवासारखा सजलो होतो.

तपासणीचे साहेब आले. हातात वही होती, डोळ्यांवर चष्मा होता. त्यांनी मला पाहिलं आणि चक्क बूट काढले!

"पूजा झालीय होय? मग आज हात कसा लावायचा?" असं म्हणून त्यांनी हात जोडले, प्रसादाचा बत्तासा तोंडात टाकला आणि वहीत लिहिलं, 'झोका उत्तम.' मित्रांनो, मी फुलून गेलो. माझी डावी कडी कित्येक दिवस दुखत होती, हे मी त्या कौतुकात साफ विसरलो.

दसऱ्याच्या दुपारी मुलं आली. खंडेनवमीपासून राहीबाईने मला झुलवलं नव्हतं, आधी रंग ओला म्हणून आणि मग पूजा म्हणून. दुष्काळामुळे नवे कपडे फार थोड्यांच्या अंगावर होते, म्हणून माझ्यावरचा झोकाच त्यांचा सण होता. रांगेत पहिली होती छोटी विजयमाला. कानिफनाथांनी ऐटीत मला एक रिकामा झोका दिला. तिने फळीवर हात ठेवला, तोच लांबून आवाज आला.

"थांब गं पोरी! बसू नगंस!"

राहीबाई झाडू टाकून धावत आली. "कानिफभाऊ, डाव्या अंगाचा आवाज बसलाय. कडी गेलीय."

"राहीबाई, कालच साहेबांनी सही केलीय. पूजा केलेली वस्तू हाय ती!"

"साहेबांनी बघितलं आसंल, पर ऐकलं न्हाई. आमच्या मोटेचं चाक तुटायच्या आदी आसंच बोललं हुतं. लई वाईट झालं हुतं तवा."

"सणाच्या दिवशी हार काढणार व्हय तुमी?"

ती क्षणभर घुटमळली. तिलाही देवाची भीती होती आणि रोजंदारी जाण्याचीही. मग तिने पदर खोचला, झाडं छाटायची शिडी लावली, हाराला नमस्कार केला आणि तो सोडला. खुरप्याने रंग खरवडला. खाली उतरून तिने डावी साखळी दोन्ही हातांनी हिसडली, तशी कडी तुटली आणि फळी दाणकन जमिनीवर आदळली. आतून झिजून ती कडी काडीएवढी उरली होती.

कानिफनाथ तो तुकडा तळहातावर घेऊन बघत राहिले. मग त्यांनी विजयमालाकडे पाहिलं आणि तिचा हात धरून तिला माझ्यापासून दूर नेलं. आणि मी? मी थक्क झालो होतो. साहेबांच्या चष्म्याला जे दिसलं नाही, ते या बाईने पन्नास पावलांवरून नुसत्या कानांनी ओळखलं होतं. तिला खुळी म्हणणारा मी, त्या दिवशी एका साखळीवर लोंबकळत मनातल्या मनात तिच्या पाया पडलो. आजही तिची चाहूल लागली की माझ्या लोखंडावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी लोहाराने नव्या कड्या घातल्या. पुढच्या खंडेनवमीला कानिफनाथ हार घेऊन आले, पण बांधायला धजेनात. "राहीबाई, आदी तुमी ऐका," ते म्हणाले. तिने मला झुलवलं, मान कलती केली, हसली. मग हार माझ्या पायांना बांधला, कड्या उघड्याच ठेवल्या.

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी मला एकदा रिकामा झुलवा आणि कान द्या. मला बोलता येत नाही, मी फक्त कुरकुरतो. विजयमाला आता मोठी झाली आहे, तरी रांगेत सगळ्यांना थांबवून आधी मान कलती करून उभी राहते. नवी मुलं तिला हसतात. मी मात्र तेवढा वेळ अगदी मनापासून बोलतो.