सोडा म्हणते ना!

मी एक सायकल बोलतेय. रंग लाल, पुढे जाळीची टोपली, मुक्काम ताइफ, सौदी अरेबिया.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. कुणी माझ्या चाकांत तारा ओवल्या, कुणी घंटी बसवली आणि रंग पुरता वाळायच्या आत मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते इथल्या बाजारात. मोहियुद्दीनभाईंनी मला त्यांच्या मुलासाठी, तल्हासाठी घेतलं. माणसं मूळची रत्नागिरीकडची. मोहियुद्दीनभाई मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. तल्हाने मला चढावर, उतारावर, मनसोक्त दामटलं.

मग तो शिकायला पुण्याला गेला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. हँडलवर लसणीच्या जुड्या लटकल्या, सीटवर मोजे वाळू लागले. माणसांची एक गंमत आहे. नको झालेली वस्तू ती टाकत नाहीत, तिच्यावर दुसरी वस्तू ठेवतात.

मला खाली आणलं उमामाने. तल्हाची ही धाकटी बहीण नववीत होती. शाळेत प्रदर्शन होतं, विषय होता ‘पाश्चात्त्य समाज बदलून टाकणारे विचार’. कुणी छापखाना घेतला, कुणी फ्रेंच राज्यक्रांती. उमामाने चक्क मला घेतलं. घासून पुसून, तेलपाणी करून तिने मला बैठकीत उभं केलं आणि माझ्यासमोर इंग्रजीत भाषणाची तालीम सुरू केली.

शेजारी तिची अम्मी बिलकिस शिवणाच्या मशीनवर बसली होती. आसपासच्या बायकांना ती अबाया, म्हणजे अंगभर काळे झगे, शिवून द्यायची. मशीन थांबवून ती म्हणाली, “इतकं काय बोलतेस त्या सायकलशी? मराठीत सांग, मलाही कळू दे.”

“अम्मी, मराठीत? इट्स सो डिफिकल्ट!”

“सांग तर.”

उमामा अडखळत सांगू लागली आणि माझं खानदान मला पहिल्यांदा कळलं. फ्रान्समध्ये क्रांती झाली, सगळे समान असं जाहीर झालं. पण त्या ‘सगळ्यांत’ बायका धरल्याच नव्हत्या. विचार मात्र सुटला होता, तो थांबेना. पुढे शंभरेक वर्षांनी युरोप-अमेरिकेत दोन सारख्या चाकांची सायकल आली, आणि बायका कुणाची सोबत न घेता घराबाहेर पडू लागल्या. केवढा गहजब झाला! सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा वाकडा होतो, असं डॉक्टर सांगत सुटले. इंग्लंडात एका विद्यापीठात बायकांना पदवी द्यायची की नाही यावर मतदान होतं, तेव्हा पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा करून भर रस्त्यात टांगला. पदवी मिळायला मग आणखी पन्नास वर्षं गेली. बायका काही सायकलवरून उतरल्या नाहीत. मतदानाच्या हक्काची पत्रकं त्यांनी सायकलवरूनच गावोगाव वाटली.

मी ऐकत होते. माझ्या आज्या-पणज्यांनी एवढं काही केलं होतं आणि मी लसूण सांभाळत बसले होते!

“अम्मी, तू चालवलीस कधी?” उमामाने सहज विचारलं.

बिलकिस सुईत दोरा ओवू लागली. “नाही गो. हायस्कूल लांब होतं, खाडीच्या पलीकडच्या अंगाला. भाऊ सायकलने जायचे. मला सातवीनंतर घरी बसवली. पोरीला रोज कोण नेऊन सोडणार, म्हणाले. सायकल होती घरात. मला कुणी विचारलं नाही आणि मीही मागितली नाही.”

उमामाने माझं हँडल अम्मीकडे वळवलं. ती म्हणाली, “मग आता माग ना.”

दुसऱ्या दिवशी इमारतीमागच्या बंदिस्त अंगणात बिलकिसने माझं हँडल धरलं. तळवे घामाने ओले. ती बसली आणि दोघी मिळून भिंतीवर आदळलो. पुन्हा बसली, पुन्हा आदळलो. उमामा हसून हसून बेजार, आणि बिलकिस स्वतःही. इतकं मोकळं हसू मी त्या घरात ऐकलं नव्हतं.

पण एके दिवशी अबायाचा घेर माझ्या साखळीत गुंतला. मी जागच्या जागी अडले, ती तोंडघशी पडली. गुडघा फुटला, मनगट सुजलं. मोहियुद्दीनभाई कामावरून आले, मनगट बघून त्यांचा चेहराच उतरला.

“खलास! या वयात हात मोडून घ्यायचाय? प्रदर्शन झालं की सायकल दुकानातल्या कुमारला देऊन टाकतो. तो बिऱ्हाड घेऊन तिकडे उत्तरेला, हफ्र अल बातिनला चाललाय, त्याच्या पोरांना होईल.”

बिलकिस मनगटाला फडकं गुंडाळत राहिली. मला वाटलं, संपलं.

प्रदर्शनात उमामाने मला मंचावर उभं केलं. तिच्या तक्त्यावर सायकलवरच्या बायकांची जुनी चित्रं होती. अरवा नावाची सौदी शेजारीण स्वतःच्या गाडीतून बिलकिसला तिथे घेऊन आली होती. एका चित्रासमोर बिलकिस थबकली.

“हे काय नेसल्यात या?”

“लांब झगे चाकात अडकायचे ना अम्मी, मग त्यांनी दोन पायांचा घागरा शिवला. लोक रस्त्यात ओरडायचे त्यांना. दे डिडन्ट केअर.”

बिलकिस चित्राच्या इतकी जवळ गेली की नाक कागदाला लागलं. घेर कुठून फोडलाय, चुण्या कुठे दाबल्यात, हेच ती बघत होती. घरी येऊन तिने नवं काळं कापड पसरलं आणि कात्री चालवली. उभी राहिली की नेहमीचा अबाया, चालवायला बसली की दोन पाय वेगळे, घोट्याशी बटण. मोहियुद्दीनभाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“म्हणजे तू ऐकणार नाहीस.”

“कुमारला दुसरं काहीतरी द्या,” बिलकिस म्हणाली. “आणि शुक्रवारच्या सुट्टीला बागेत चला. मागून धरायला माणूस लागतो.”

शुक्रवारी सकाळी आम्ही बागेत गेलो. गुलाबांचे दिवस होते, हवेला गोडसर थंडावा होता. मोहियुद्दीनभाईंनी माझी सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पळू लागले. बिलकिस पायडल मारू लागली. मला जाणवलं, ती तोल सावरतेय, पण मागून ओढ बसतेय.

“सोडा!”

“सोडलं तर पडशील!”

“पडले तर मी पडेन. सोडा म्हणते ना!”

त्यांनी सोडलं.

आणि काय सांगू! ते एक वजन मागून सुटलं आणि आम्ही दोघी निघालो. वाफ्यांवरून आलेला वारा तारांतून घुमला. बिलकिसने कारण नसताना घंटी वाजवली, मग पुन्हा वाजवली. अरवा बाकावर उभी राहून ‘चल, चल’ म्हणून अरबीत ओरडत होती, “यल्ला, बिलकिस, यल्ला!” मोहियुद्दीनभाई एका पायात चप्पल घालून धावत होते, दुसरी मागेच राहिली होती. एक फेरी झाली. दुसरी झाली.

“ब्रेक दाब! ब्रेक येतो ना तुला?” ते धापा टाकत ओरडले.

“येतो!” बिलकिस त्यांच्या बाजूने सुसाट जाताना म्हणाली. “दाबायचा नाहीये!”

मोहियुद्दीनभाई मटकन गवतावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले.

आता माझं असं आहे. कुमारला मिठाईचा डबा गेला. बिलकिसकडे दोन पायांच्या अबायासाठी बायका येतात, आणि माप देता देता हळूच विचारतात, “ती सायकलही शिकवतेस ना?” शुक्रवारी माझी सीट कधी वर, कधी खाली. रंग पार ओरबाडून गेलाय, टोपली वाकलीय, घंटीचा आवाज बसलाय. इतकी देखणी मी दुकानातही नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, तर एवढंच करा. घरातल्या बाईला विचारा, बसतेस का म्हणून. ती नको म्हणाली, तर आणखी एकदा विचारा. पडली, तर आधी तिला उचला, मग सायकलला. आणि मागून धरलंत, तर सोडायचं लक्षात ठेवा.

चला, येते. अरवा हँडल धरून केव्हाची उभी आहे. तिला गाडी झकास येते, पण माझ्यावर बसली की फक्त डावीकडेच वळता येतं.