लॅपटॉपमागची ऊब

थंडी पडली की मावशीची बोटं संपावर जायची. तीस वर्षं टाइपरायटर बडवून केलेली चाकरी पुरे झाली, असं त्यांचं म्हणणं असावं. सकाळी स्वेटरचं बटण लावायचं म्हटलं तरी ती कुरकुरायची. अशात एका दुपारी मावशीला शोध लागला, की भाचीच्या लॅपटॉपच्या मागच्या फटींतून झकास गरम वारा येतो.

भाची घरूनच काम करायची. अजून बांधल्याच नव्हत्या अशा इमारतींतून माणसाला फिरवून आणणाऱ्या फिल्म ती एका आर्किटेक्ट बाईंसाठी तयार करायची. लॅपटॉपही तसाच दणकट घेतला होता, उशीएवढा जाड. दुपारी एकला ती त्याला कामाला जुंपायची, पिशवी खांद्याला लावायची आणि म्हणायची, "मावशी, मी लायब्ररीत जाऊन येते. चारपर्यंत चालेल हे. हात लावू नकोस."

मावशी हात लावत नसे, नुसते समोर धरायची. दार बंद झालं की टेबलामागे खुर्ची ओढायची, फटीसमोर दहाही बोटं पसरायची आणि ती ताळ्यावर आली की विणायला घ्यायची. भाचीसाठीच चाललं होतं ते, वाढदिवसाचं, गुपचूप. सशाच्या केसांची जांभळी लोकर होती, फुंकर मारली तरी उडणारी. लोकरीचा गुंडा लॅपटॉपला टेकून ठेवला की घरंगळत नसे, म्हणून तो तिथेच.

दोन महिन्यांत लॅपटॉपचा आवाज बदलला. आधी तो गुणगुणायचा, मग घरघरायला लागला, पुढे पुढे तर जिना चढून आलेल्या जाड्या माणसासारखा धापा टाकायला लागला. वारा मात्र पूर्वीपेक्षा गरम यायचा. मावशीला वाटलं, नवं मशीन मुरतंय.

आणि एका बुधवारी दीड वाजता तो टक् करून बंद पडला.

मावशीने पाठीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. तव्यावर पाणी शिंपडून बघतात तसं बघावं, असा विचार आला आणि तिने तो मुकाट्याने परत पाठवला. टेबलफॅन लावला, उपयोग शून्य. मग तिने लॅपटॉप उचलला आणि सरळ फ्रिजमध्ये, दूध आणि पालकाच्या मधे ठेवला. दार लावताना तिचं लक्ष स्वतःच्या चष्म्याकडे गेलं. बाहेरच्या थंडीतून घरात आलं की काचांवर पाणी धरतं. याच्याही पोटात तसंच पाणी धरलं तर? अर्ध्या मिनिटात लॅपटॉप परत बाहेर आला.

तो काढताना तिने त्याचं पोट पहिल्यांदाच पाहिलं. खाली बारीक जाळी होती आणि जाळीतून जांभळा झुपका डोकावत होता.

तिने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, गाउनवरच कोट चढवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. जिन्याखालच्या त्या खणात एक फटकळ बाई घड्याळांपासून लॅपटॉपपर्यंत सगळं दुरुस्त करायची. कपाळावर भिंग बांधलेलं, तोंडात स्क्रू.

"चारच्या आत हवाय," मावशी म्हणाली.

"सगळ्यांनाच हवा असतो." दुरुस्तीवालीने तळाचं झाकण उघडलं आणि स्क्रू तोंडातून काढून ठेवले. मग चिमट्याने पंख्याशेजारून बनातीसारखा एक घट्ट तुकडा सोलून काढला आणि उजेडात धरला. "तुमच्या घरी ससा आहे का हो?"

"आहे," मावशी म्हणाली.

"जांभळा?"

मावशी समोरच्या भिंतीवरची घड्याळं वाचू लागली. सातही घड्याळांत वेगवेगळे वाजले होते.

"हे बघा आजी," दुरुस्तीवाली ब्रश फिरवत म्हणाली, "हा खालून हवा ओढतो आणि मागून सोडतो. खालचं नाक बुजवलंत तर आतल्या आत उकडून निघतो. मग जीव वाचवायला काम हळू करतो. तेही नाही जमलं की बंद पडतो. गादीवर, उशीवर ठेवायचा नाही. मागची बाजू दोन बोटं उचललेली हवी. आणि ससा लांब."

सततच्या तापण्याने आतल्या चिपवरची पेस्टही वाळून खडू झाली होती. तिनेच तर चिपची उष्णता ओढून पंख्याकडे द्यायची. दुरुस्तीवालीने ती खरवडून नवी लावली. तीनला दहा कमी असताना लॅपटॉप घरी टेबलावर होता, मागे दोन बाटल्यांची झाकणं लावून उचललेला.

आता तो चालू करायचा होता. पासवर्ड भाचीने कधी सांगितला नव्हता, पण तीस वर्षांच्या टायपिस्टला सांगावा लागतो थोडाच. कुठलं बोट कुठे पडतं ते मावशीने रोज पाहिलं होतं. पडद्यावर प्रश्न आला, अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करू का? मावशीने 'हो' दाबलं. लॅपटॉप पुन्हा गुणगुणू लागला आणि मावशीने सुस्कारा सोडला. चारपर्यंत होईल कसंबसं, तिला वाटलं.

ते साडेतीनलाच झालं. आणि झालं की आपोआप आर्किटेक्ट बाईंना जाईल, अशी सोय भाचीनेच करून ठेवली होती.

पाच मिनिटांत घरचा फोन वाजला. "तिचा मोबाइल लागत नाहीये," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. "फिल्म पोचली. इतक्या लवकर कशी? तिला म्हणावं, अशी गाडी सुटली असेल तर दुसऱ्या इमारतीचंही आजच करून टाक."

चारला भाची आली. मावशीने निरोप सांगितला. भाचीने वाकून लॅपटॉपखालची जाळी पाहिली.

"दुरुस्त कोणी केला?"

"आपोआप..." मावशीने सुरुवात केली आणि मधेच थांबली. "तुझे केस ओले का?"

भाचीने केस मागे सारले.

"लायब्ररी गळते का?"

"पोहायला जाते मी," भाची शेवटी म्हणाली. "शिकतेय. या वयात अजून पाण्याला घाबरते, कोणाला सांगायची लाज वाटायची. मशीन तापतं, तीन तास लागतात, असं बाईंना सांगितलं होतं, म्हणजे त्या दुपारी दुसरं काम देत नसत. खरंच तापत होतं, खोटं काहीच नव्हतं."

मावशीला धीर आला. तिनेही मग लोकरीचं सगळं सांगून टाकलं, फ्रिजसकट. भाची शांतपणे ऐकत होती.

"जाळीतलं जांभळं मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर साफ करावं लागलं असतं."

आधी मावशीला हसू फुटलं.

पण दुसरी इमारत दारात उभीच होती. "त्यांना सांग, पुन्हा तापला म्हणून," मावशीने सुचवलं. "मी हवं तर बाजूला बसून विणते."

"नको. जळेल तो एक दिवस." भाचीने फोन लावला, जागेवरून उठली, परत बसली. "मॅडम, मशीन साफ झालंय, आता काम लवकर होईल. पण दुपारी एक ते चार मी नसते. पोहायला जाते. ती इमारत उद्या सकाळी देते."

पलीकडून आधी एक कोरडं 'अच्छा' आलं. भाचीचा चेहरा पडायला लागला. मग ती म्हणाली, "हो, आहे की... नाही, अजिबात गार नसतं, अगदी कोमट... हो, बायकांची वेळ वेगळी आहे."

तिने फोन ठेवला. "त्यांना मंगळवारी यायचंय."

मावशीने मात्र त्यातला एकच शब्द उचलला होता. "कोमट म्हणजे किती कोमट?"

मंगळवारी तलावाच्या उथळ टोकाला तिघी उतरल्या. आर्किटेक्ट बाई नाकात पाणी जाऊन खोकत होत्या, भाची त्यांना पाय कसे मारायचे ते शिकवत होती. मावशी कठड्याला पाठ लावून गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. पाण्याखाली तिची दहाही बोटं सुटी, मोकळी हलत होती. "पोहायचं राहू दे," ती भाचीला म्हणाली, "मला फक्त इथे बसायची परवानगी लागते का ते विचारून ये."