सुया गाळणारं झाड

सहलीची बस बिघडली आणि आमच्या पदरात तीन तास पडले. बाकीच्या बायका खरेदीला पळाल्या. माझे गुडघे कुरकुरत होते आणि समोरच बोन्साय बागेच्या संग्रहालयाची पाटी होती. आत बसायला बाक असेल, या एकाच आशेनं मी तिकीट काढलं.

भूगोलाची मास्तरीण निवृत्त झाली तरी तिची चुका काढायची खोड जात नाही. आत कंबरेएवढ्या ओट्यांवर झाडं मांडली होती आणि प्रत्येकाखाली त्याचं वय लिहिलं होतं. एका पाटीवरचा बाण उलटा होता, ते मी रखवालदाराला लगेच सांगितलं. मग अगदी मोक्याच्या जागी एक पार वाळलेलं झाड दिसलं. शेजारी एक माळीणबाई स्टुलावर बसून दुसऱ्या झाडाच्या फांदीला तार गुंडाळत होत्या.

"हे मेलंय की," मी म्हटलं. "काढून का टाकत नाही?"

त्यांनी तार खाली ठेवली आणि नखानं एका काडीची साल किंचित खरवडली. आत ओलं, हिरवं होतं.

"झोपलंय. हिवाळ्यात पानं टाकतं ते."

"कसली पानं?"

"सुयांसारखी."

"मग नाही टाकणार. सुयांची झाडं बारमाही हिरवी असतात. तीस वर्षं शिकवलंय मी."

"बहुतेक असतात. हे लार्च आहे. आधी पिवळं पडतं, मग सगळ्या सुया गाळतं. हे झाड नव्यानं घेतलेले लोक दर हिवाळ्यात फोन करतात, झाड मेलं म्हणून. काही जण तर फेकूनही देतात." त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. दिसलं ते बाक मी गाठलं.

माझा दादा न्हावी. दुकानाच्या पायरीवर त्याचं एक वीतभर झाड असायचं. गिऱ्हाईक नसलं की कात्री घेऊन तो त्याच्यापुढे बसायचा. वहिनी म्हणायची, लोकांच्या डोक्यांकडे नसेल एवढं यांचं लक्ष त्या कुंडीकडे आहे. शेजारच्या गाळ्यात चष्मेवाला होता. दोघांचा सकाळचा चहा एकत्र, भांडणंही एकत्रच. चष्मेवाला रोज म्हणायचा, "न्हाव्या, एक दिवस हे झाड उचलून नेणार बघ."

बावीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात दादाचं मांडीचं हाड मोडलं आणि तो दोन महिने दवाखान्यात पडून राहिला. झाडाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. सहामाहीचे पेपर तपासण्याच्या नादात मी आठवडाभर तिकडे फिरकलेच नाही. गेले तर सुया पिवळ्या पडलेल्या. आणखी आठ दिवसांत झाड उघडंबोडकं झालं. आपण झाड मारलं, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. कुंडीसकट ते कचऱ्याच्या गाडीत घातलं आणि दादाला सांगितलं, पायरीवरून कुणीतरी चोरून नेलं.

"कुणीतरी कशाला? चष्मेवाल्यानंच नेलं," दादा म्हणाला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. चार दिवसांत राग उतरेल, मग सांगू, असं वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर खाटेशेजारी बसून दादाला सफरचंद कापून देत होता. दादा घरी आला तो चष्मेवाल्याशी बोलणं टाकूनच. त्या बिचाऱ्यानं शपथा घेतल्या, दुकान उघडून दाखवलं. दादानं नवा चष्मा गावाच्या दुसऱ्या टोकाहून करून आणला. मी दरवर्षी सांगणार होते. तीन वर्षांपूर्वी चष्मेवाला हृदयाच्या ऑपरेशनमध्ये गेला, आणि आता सांगून कुणाचं भलं होणार, अशी मी माझी समजूत घातली.

त्या बाकावर मला स्वतःची शिसारी आली. मी काहीच केलं नसतं, नुसतं त्या काड्यांना पाणी घालत राहिले असते, तरी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दादा आता चौऱ्याहत्तरचा आहे. आपला मित्र चोर होता असं समजूनच तो एक दिवस जाईल, आणि ते माझ्यामुळे. मी फोन लावला.

"काय गं चिमे, बस सुटली का तुला सोडून?"

"दादा, तुझं झाड चोरीला गेलं नव्हतं. मी फेकलं. सुया गळल्या, मला वाटलं मेलं."

पलीकडे टीव्ही ऐकू येत होता. तो बंद झाला.

"हिवाळ्यात गळतातच त्या," दादा म्हणाला.

"मला माहीत नव्हतं."

"तू मास्तरीण. मला वाटलं, तुला काय सांगायचं."

मी शिव्यांची वाट पाहत होते. दादाला त्या छान देता येतात.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला होता," दादा म्हणाला. "इतक्या वर्षांनी. म्हणाला, दाढी कर. मी म्हटलं, बस, नंबर आला की बोलावतो. बसला. मी मागून आलेल्या एकेकाची करत गेलो. चार तास बसला गं तो. मी दुकान आवरायला लागलो तेव्हा उठला."

"काही बोलला?"

"माझा चष्मा वाकडा बसलाय म्हणाला. काढून दे, नीट करतो म्हणाला. मी दिला नाही."